बोल्ड इटॅलिक सेरिफ: स्वभाव, वापर आणि छपाईतल्या खोडी

प्रश्न असा आहे: ‘इंग्रजी मजकुरात बोल्ड इटॅलिक सेरिफ टाइप नेमका कुठे वापरायचा? वर्डमधली बी आणि आय ही दोन्ही बटणं दाबली की तोच मिळतो ना? आणि शेजारी मराठी मजकूर असेल तर तोही तसाच तिरपा करायचा का?’

बोल्ड म्हणजे जाड, इटॅलिक म्हणजे तिरपं, आणि सेरिफ म्हणजे दांड्यांच्या टोकांना बारीक पाय असलेलं अक्षर. मधल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. बटणं दाबल्यावर काय मिळेल हे संगणकात कोणती फाइल आहे त्यावर ठरतं. त्या फॉन्टच्या घराण्यात बोल्ड इटॅलिकची वेगळी फाइल असेल तर संगणक ती उचलतो. नसेल तर साध्या अक्षराला चहूबाजूंनी फुगवतो, वरून उजवीकडे ढकलतो आणि ‘हे घ्या’ म्हणतो. पडद्यावर दोन्ही लांबून सारखेच दिसतात. छापून आल्यावर फरक कळतो, आणि तोवर प्लेट बनलेली असते.

खरा बोल्ड इटॅलिक म्हणजे तिरपा केलेला बोल्ड नव्हे, की जाड केलेलं इटॅलिकही नव्हे. साधं उभं (रोमन), इटॅलिक आणि बोल्ड यांच्यानंतरचं ते स्वतंत्रपणे रेखाटलेलं चौथं अक्षर आहे. हे एकदा डोक्यात बसलं की ते कुठे वापरावं आणि कुठे नको याचे बरेचसे निर्णय आपोआप होतात.

दोन वेगळी कुळं

इटॅलिक आणि बोल्ड यांच्या जन्मात साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे. इटॅलिक व्हेनिसचं. आल्दुस मानुतियुसच्या छापखान्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने ते कोरलं आणि १५०१ साली व्हर्जिलच्या काव्याचं अख्खं पुस्तक त्यात निघालं. तेव्हा ते कुणाचं जोडीदार नव्हतं. सबंध मजकूर त्यातच असे आणि मोठी अक्षरं मात्र रोमन, उभी. मूळ वळण लेखनिकांच्या धावत्या हाताचं, म्हणून अक्षरं अरुंद आणि उजवीकडे झुकलेली. रोमन मजकुरात एखादाच शब्द इटॅलिकमध्ये घालायची रीत त्याच शतकात पुढे रुजली.

बोल्ड हे जाहिरातींच्या जमान्याचं अपत्य. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून, म्हणजे टाइप ओतायच्या कारखान्यातून, रॉबर्ट बेस्लीने १८४५ साली क्लॅरेंडन बाजारात आणला, तो साध्या अक्षराच्या ओळीत शेजारी बसवून शब्द उठून दिसावा यासाठी. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन टाइप फाउंडर्समध्ये मॉरिस फुलर बेंटनने चेल्टनहॅमसारखी मोठी टाइप-घराणी उभी केली. तिथे बोल्ड इटॅलिक रीतसर घरातला झाला.

तरीही जुन्या पुस्तकांच्या मजकुरात तो फारसा सापडत नाही, आणि त्याचं कारण आवडीनिवडीपेक्षा यंत्रात आहे. लायनोटाइप या ओळी ओतणाऱ्या यंत्राच्या एका पितळी मॅट्रिक्सवर, म्हणजे साच्यावर, दोनच अक्षरं असत: रोमनबरोबर इटॅलिक, नाहीतर रोमनबरोबर बोल्ड. दोघांची रुंदी एकच ठेवावी लागे, म्हणून लायनोचं इटॅलिक ऐसपैस आणि बोल्ड आवळलेला दिसतो. बोल्ड इटॅलिक हवा असेल तर साच्यांची वेगळी पेटी (मॅगझिन) चढवायला हवी. एका शब्दासाठी तो खटाटोप कोण करणार? चौघं एका दमात हाताशी आले ते पोस्टस्क्रिप्ट या छपाईयंत्राला पान सांगणाऱ्या भाषेमुळे. १९८५ च्या ॲपल लेझररायटरमध्ये तेरा फॉन्ट होते: टाइम्स, हेल्वेटिका आणि कुरियर यांचे प्रत्येकी चार, आणि एक सिम्बॉल. बी आणि आय या बटणांमागची चौकडी ती हीच.

टाइम्सची मापं बघू

सर्वांच्या संगणकात असतो म्हणून टाइम्स घेऊ. पोस्टस्क्रिप्टच्या टाइम्सबरोबर अडोबी मापांच्या फायली देते. त्यात अक्षराच्या आकारमानाचे हजार भाग धरलेले असतात. उभ्या दांड्याची प्रमाण जाडी रोमनमध्ये ८४, बोल्डमध्ये १३९, इटॅलिकमध्ये ७६ आणि बोल्ड इटॅलिकमध्ये १२१ आहे. म्हणजे बोल्ड इटॅलिक हा बोल्डपेक्षा स्पष्टपणे हलका आहे. ही चूक नव्हे. तिरप्या अक्षराच्या पोटातली पोकळी मुळातच अरुंद असते. दांडा १३९ ठेवला तर लहान ‘ए’ आणि ‘ई’ शाईने बुजतील. आडव्या रेघा बोल्डमध्ये ४४, बोल्ड इटॅलिकमध्ये ४२. लहान अक्षराची उंची बोल्डमध्ये ४७३, बोल्ड इटॅलिकमध्ये ४६२. झुकाव इटॅलिकमध्ये साडेपंधरा अंश, बोल्ड इटॅलिकमध्ये पंधरा.

याचा परिणाम पानावर दिसतो. ठळक मथळ्यात एक शब्द बोल्ड इटॅलिक केला की तो किंचित फिकट वाटतो. पुष्कळजण मग त्या शब्दाला बाहेरून अर्ध्या पॉइंटची रेघ लावून ‘बरोबरी’ करतात. तसं करू नका. तो फिकटपणा हिशेबातला आहे, आणि झुकावामुळे शब्द आधीच पुरेसा वेगळा दिसतो.

रुंदीचंही गणित बघण्यासारखं आहे. लहान ‘एम’ रोमनमध्ये ७७८, बोल्डमध्ये ८३३, इटॅलिकमध्ये ७२२ आणि बोल्ड इटॅलिकमध्ये परत ७७८. ‘एन’ मात्र बोल्ड आणि बोल्ड इटॅलिक दोन्हींत ५५६, रोमन आणि इटॅलिकमध्ये ५००. म्हणून प्रूफ वाचताना एखादा शब्द बोल्डचा बोल्ड इटॅलिक केला तर ओळ सहसा किंचित आवळते, पण साध्याचा बोल्ड इटॅलिक केला तर पसरू शकते आणि परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर जाऊ शकते. आकडे मात्र चारही प्रकारांत ५०० रुंदीचेच आहेत. कोष्टकातली बेरजेची ओळ बोल्ड इटॅलिक केली तरी आकड्यांचे रकाने हलत नाहीत. हिशेबाच्या पत्रकात टाइम्स अजून टिकून आहे त्यामागे हेही एक कारण असावं. विंडोजमधला टाइम्स न्यू रोमन आणि लिनक्सवरचा लिबरेशन सेरिफ याच रुंद्या पाळतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा आला तरी ओळी मोडत नाहीत.

सगळीच घराणी अशी नाहीत. मॅथ्यू कार्टरचा जॉर्जिया १९९६ साली मायक्रोसॉफ्टने पडद्यासाठी आणला. त्या काळच्या पडद्यावर मजकुराचा दांडा एक पिक्सेलचा असे. बोल्ड करायचा तर दोन पिक्सेल, मधलं काही शक्यच नाही. म्हणून जॉर्जियाचा बोल्ड आणि बोल्ड इटॅलिक कागदावर जरा जास्तच काळे वाटतात. शिवाय त्याचे आकडे वरखाली होणारे, जुन्या वळणाचे असतात. लेखाच्या उपमथळ्यात सुरेख दिसतात, दरपत्रकात डोळ्याला त्रास देतात.

बोदोनी वळणाच्या टाइपमध्ये दांडा जाड आणि जोडणारी रेघ केसाएवढी. बोल्ड इटॅलिकमध्ये हा विरोध आणखी टोकाला जातो, म्हणून तो मासिकाच्या मथळ्याला आणि अत्तराच्या खोक्याला शोभतो, दहा पॉइंटात मात्र कोलमडतो. वेबवर फुकट मिळणारा प्लेफेअर डिस्प्ले साधारण याच स्वभावाचा. नावातच ‘डिस्प्ले’ आहे, तरी लोक त्यात अख्खे परिच्छेद लावतात.

नकली कसा ओळखायचा

लहान ‘ए’ बघा. खऱ्या इटॅलिकमध्ये तो बहुतेक सेरिफ घराण्यांत एकमजली असतो, हाताने लिहितो तसा. ढकललेल्या रोमनमध्ये दुमजलीच राहतो, फक्त कललेला. मग लहान ‘एफ’ बघा. टाइम्समध्ये आणि बऱ्याच जुन्या वळणाच्या टाइपमध्ये खऱ्या इटॅलिकचा ‘एफ’ ओळीखाली उतरतो, नकली तळरेषेवरच थांबतो. या दोन अक्षरांवरून दहापैकी नऊ वेळा निकाल लागतो.

ढकलल्याने इतकं काय बिघडतं, असं वाटेल. वेबच्या नियमांत कोन दिला नसेल तर तिरपेपणा चौदा अंश धरतात. चौदा अंशांनी ढकलल्यावर गोल ‘ओ’चा वरचा उजवा आणि खालचा डावा भाग साधारण १३ टक्क्यांनी जाड होतो, तर वरचा डावा आणि खालचा उजवा १२ टक्क्यांनी बारीक. गोलाचं वजन चुकीच्या कोपऱ्यात जातं आणि अक्षर पुढे पडल्यासारखं दिसतं. त्यावर नकली बोल्डचा फुगारा: तो दांड्याला जेवढा वाढवतो तेवढाच बारीक रेघेलाही वाढवतो. जाड-बारीक हा सेरिफ टाइपचा सगळा डौल; तोच सपाट होतो. ‘ई’ची खिडकी बंद होते, सेरिफची टोकं बोथट होतात आणि शेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात.

पीडीएफमध्ये खात्री करणं सोपं आहे. ॲक्रोबॅटमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडून फॉन्ट्सचा रकाना बघा. यादीत त्या घराण्याच्या बोल्ड इटॅलिकचं पूर्ण नाव आणि पुढे एम्बेडेड असं दिसलं पाहिजे. पानावर बोल्ड इटॅलिक दिसतोय पण यादीत फक्त रेग्युलर आहे, याचा अर्थ उघड आहे. पानं मांडायचं इनडिझाइन याबाबतीत सरळमार्गी: घराण्यात तो प्रकार नसेल तर तो स्वतःहून काही बनवत नाही, अक्षरांमागे गुलाबी पट्टा दाखवतो. मात्र कंट्रोल पट्टीवर अक्षर ढकलायचा स्क्यू नावाचा रकाना आहे, तो कुणी भरला असेल तर गुलाबी पट्टा येत नाही. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये तो रकाना शून्य आहे ना, हे पाहून घ्यावं. फोटोशॉपमध्ये फो (म्हणजे नकली) बोल्ड आणि फो इटॅलिक अशी चक्क कबुली देणारी बटणं आहेत. ती बंदच असू द्या.

वेबसाइटवर नेहमीची चूक अशी: डिझायनरने गुगल फॉन्ट्समधून साधा आणि बोल्ड अशा दोनच फाइली जोडलेल्या असतात. लेखकाने एखादा शब्द ठळक आणि तिरपा केला की ब्राउझर बोल्डला ढकलून देतो. उपाय दोन. एकतर ७०० वजनाची (म्हणजे बोल्ड जाडीची) इटॅलिक फाइल वेगळी मागवा आणि फॉन्टच्या घोषणेत वजन व तिरपेपणा दोन्ही स्पष्ट लिहा. नाहीतर सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) फॉन्ट-सिंथेसिस हा गुणधर्म ‘नन’ करा, म्हणजे नसलेला प्रकार ब्राउझर बनवणार नाही, आहे त्यात दाखवेल. व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलमध्ये अनेक वजनं असलेला) घेतला असला तरी बहुतेक सेरिफ घराण्यांत इटॅलिकची फाइल निराळीच असते, हे ध्यानात असू द्या.

मग वापरायचा कुठे

सर्वांत बिनतोड जागा म्हणजे ठळक मजकुरातलं इटॅलिक. उभ्या मजकुरात जो शब्द इटॅलिकच असायला हवा, तो ठळक मथळ्यात गेल्यावरही इटॅलिकच राहिला पाहिजे. वनस्पती आणि प्राण्यांची शास्त्रीय नावं हे ठळक उदाहरण. आंब्यावरच्या इंग्रजी लेखाचा मथळा बोल्ड असेल तर त्यात ‘मँजिफेरा इंडिका’ बोल्ड इटॅलिक. पण नावापुढे येणारं संशोधकाचं संक्षिप्त नाव, किंवा ‘व्हार.’ (व्हरायटी) किंवा ‘एसपी.’ (स्पीशीज) हे इटॅलिक नसतं; ते नुसतं बोल्ड. कृषी विषयाच्या अहवालांत हे हमखास चुकतं, कारण टाइप करणारा सगळी ओळ निवडून एकदाच आय दाबतो. जहाजांची नावं, पुस्तकांची नावं, इंग्रजी न्यायनिवाड्यातली पक्षकारांची नावं यांनाही हाच नियम.

दुसरी जागा उपमथळ्यांच्या उतरंडीत. शोधप्रबंधासाठी एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) लेखननियमांची सातवी आवृत्ती पाळत असाल तर तिथे हे ठरवूनच दिलेलं आहे: पहिल्या पातळीचा मथळा मध्यभागी बोल्ड, दुसरा डावीकडे बोल्ड, तिसरा डावीकडे बोल्ड इटॅलिक, चौथा आत सरकवून बोल्ड आणि शेवटी पूर्णविराम, पाचवा आत सरकवून बोल्ड इटॅलिक आणि पूर्णविराम. आता गंमत अशी, की तिसऱ्या पातळीच्या मथळ्यातच शास्त्रीय नाव आलं तर? सगळा मथळा बोल्ड इटॅलिक असल्यावर वेगळं काढायला तिरपेपणा उरत नाही. मुद्रणातली जुनी रीत उलटी करायची: तेवढं नाव उभं, नुसतं बोल्ड ठेवायचं. ते विचित्र वाटेल म्हणून कुणी अवतरणचिन्हं घालतं. ती घालू नयेत.

गणितात बोल्ड इटॅलिकचं काम वेगळंच आहे. तिथे तो जोर देत नाही, अर्थ सांगतो. आयएसओ ८००००-२ या प्रमाणकानुसार सदिश राशी आणि मॅट्रिक्स बोल्ड इटॅलिकमध्ये, साधी चल राशी इटॅलिकमध्ये. म्हणजे एकच अक्षर इटॅलिकमध्ये परिमाण असतं आणि बोल्ड इटॅलिकमध्ये सदिश. मुद्रितशोधकाने ‘इथे ठळक कशाला’ म्हणून काढून टाकलं तर समीकरण चुकलं. पुष्कळ पाठ्यपुस्तकं सदिश उभ्या बोल्डमध्ये छापतात किंवा वर बाण काढतात, तेही चालतं, फक्त पुस्तकभर एकच रीत हवी. लेटेक या आज्ञा लिहून जुळणी करायच्या प्रणालीत मजकुरासाठीचा बोल्ड इटॅलिक आणि गणितासाठीचा वेगवेगळ्या आज्ञांनी येतो. मजकुराची आज्ञा समीकरणात घातली की अक्षरांमधली अंतरं बिघडतात.

उरला तो दर्शनी वापर: मासिकाच्या लेखावरची दोन ओळींची प्रस्तावना, मजकुरातून उचलून मोठं केलेलं वाक्य, खाद्यपदार्थाचं वेष्टन, खेळाच्या संघाचं बोधचिन्ह. कूपर ब्लॅक इटॅलिकसारखा गुबगुबीत टाइप इथे खुलतो. पण हा टाइप एका दमात वाचायच्या मजकुरासाठी आहे. तीन ओळींपुढे गेला की सगळंच महत्त्वाचं होतं आणि काहीच महत्त्वाचं राहत नाही. अटी-शर्ती, औषधाच्या सूचना, निविदेतली ‘महत्त्वाची टीप’ वगैरे बोल्ड इटॅलिकमध्ये लावणं म्हणजे वाचकाला ती वगळायला सांगणं. त्यापेक्षा साध्या अक्षरात चौकट करा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत सबंध ओळ बोल्ड इटॅलिक करणं तर टाळाच, कारण इटॅलिकचं वेगळेपण लहान अक्षरांत असतं, मोठी अक्षरं बहुतांशी नुसती कललेली असतात. अधोरेखित तर मुळीच नको. झुकलेल्या ‘जी’ आणि ‘वाय’च्या शेपट्या रेघेत अडकतात.

अंतरांबद्दल थोडं. चोवीस पॉइंटच्या वर अक्षरांमधलं अंतर हजारात दहा ते वीसने कमी करा, नऊ पॉइंटच्या खाली पाच ते दहाने वाढवा. झुकलेल्या अक्षराचा माथा उजवीकडे बाहेर जातो, त्यामुळे शेवटी ‘एफ’, ‘डी’ किंवा ‘एल’ असून पुढे उभा कंस किंवा अवतरणचिन्ह आलं की दोघांची टक्कर होते. तिथे हजारात तीस ते पन्नासची फट हाताने द्या. लेटेकमध्ये यासाठी इटॅलिक करेक्शन असतंच. बोल्ड इटॅलिक शब्दानंतरचा स्वल्पविराम कोणत्या प्रकारात ठेवायचा यावर वाद घालणारे घालोत. शब्दाला चिकटलेलं चिन्ह शब्दाच्याच प्रकारात चांगलं दिसतं, कंस मात्र आजूबाजूच्या मजकुराचे.

शेजारी मराठी असेल तर

लॅटिन लिपीत रोमन आणि इटॅलिक या दोन निराळ्या हातांची जोडी पाच शतकं एका ओळीत नांदते आहे. देवनागरीत तशी जोडी घडलीच नाही. आपल्याकडचा धावता हात म्हणजे मोडी. विल्यम केरीने सेरामपूरला मोडीचे टाइप करून १८१० साली मराठी कोश छापला, पण बालबोधीच्या ओळीत एखादा शब्द मोडीत घालून जोर द्यायची रीत रुजली नाही. जोर द्यायचा तर जाड किंवा मोठे खिळे, नाहीतर अवतरणचिन्हं. आजच्या वाचकाचा डोळाही त्यालाच सरावलेला आहे.

म्हणून वर्डमध्ये देवनागरी शब्दावर आय दाबला की मिळतं ते बहुधा ढकललेलं अक्षर. विंडोजच्या मंगलमध्ये साधा आणि बोल्ड आहे, निर्मला यूआयमध्ये त्यांच्या जोडीला सेमीलाइट. दोघांतही इटॅलिक नाही. ढकलल्यावर शिरोरेघ आडवीच राहते, काने झुकतात. अनुस्वार, रफार, वेलांटीचा माथा हे सगळं उंचावर असल्यामुळे सर्वांत जास्त सरकतं: चौदा अंशांत तळरेषेपासूनच्या उंचीच्या पाव भागाएवढं उजवीकडे. खालचे उकार त्याच वेळी डावीकडे जातात. लहान आकारात ‘संत’मधला अनुस्वार ‘त’चा वाटू लागतो. त्यावर नकली बोल्ड चढवला की ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ट’ यांच्या पोटात शाईचे गोळे होतात.

चारही प्रकार असलेले देवनागरी फॉन्ट नाहीत असं नाही. विंडोजच्या कोकिला, अपराजिता आणि उत्साहमध्ये बोल्ड इटॅलिकची स्वतंत्र फाइल आहे. यांचं देवनागरी दिसायला लहान असतं. मंगल बारा पॉइंटला जेवढा दिसतो तेवढं दिसायला कोकिला सोळा-सतराच्या आसपास न्यावा लागतो. टिरो देवनागरी मराठीमध्ये इटॅलिक आहे, बोल्ड नाही. म्हणजे त्यात बोल्ड इटॅलिक मागितला की पुन्हा नकली. मुक्तमध्ये वजनं भरपूर आहेत, इटॅलिक नाही.

व्यवहारात करावं असं: इंग्रजीत बोल्ड इटॅलिक आहे तिथे मराठीत नुसता बोल्ड, आणि इंग्रजीत नुसतं इटॅलिक आहे तिथे मराठीत एकेरी अवतरणचिन्हं किंवा निमजाड वजन. एपीएच्या तिसऱ्या पातळीसाठी मराठीत दुसऱ्या पातळीपेक्षा एक पॉइंट लहान बोल्ड घेतला तरी उतरंड स्पष्ट राहते. अक्षरं पसरवून जोर देऊ नका, देवनागरीत शिरोरेघ तुटते. वेबसाइटवर मराठी भाषेच्या मजकुराला तिरपेपणा लागूच होणार नाही अशी एक ओळ सीएसएसमध्ये घातली की लेखकाने काहीही दाबलं तरी पान बिघडत नाही. शिवाय भाषा मराठी म्हणून नोंदवल्याचा आणखी एक फायदा: ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. ठळक शब्दापुरता दुसराच फॉन्ट घुसला असेल तर तो याच दोन अक्षरांवरून पकडता येतो. एका ओळीत ‘ल’ पाकळीचा आणि पुढच्या ठळक शब्दात दांड्याचा दिसला की समजावं.

वर्डमध्ये एक छुपी अडचण आहे. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट मानतो आणि तिच्यासाठी फॉन्ट, आकार, बोल्ड, इटॅलिक यांची वेगळी नोंद ठेवतो. स्टाइल बनवताना फक्त लॅटिनच्या रकान्यात बोल्ड इटॅलिक निवडलं तर त्याच परिच्छेदातलं मराठी साधंच राहतं. फॉन्टच्या खिडकीत खालचा कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा भाग उघडून तिथे बोल्ड निवडायचं आणि इटॅलिक मोकळं सोडायचं, की हवं ते मिळतं: इंग्रजी बोल्ड इटॅलिक, मराठी नुसतं बोल्ड, एकाच स्टाइलमध्ये. हे फार कमी लोक वापरतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर वर्डच्या लेखी लॅटिनच असतो, त्याचा बोल्ड लॅटिनच्या खात्यात नोंदलेला असतो. तो युनिकोडमध्ये बदलल्यावर ठळक शब्द अचानक साधे का झाले, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

छापायला देण्याआधी

टाइम्सच्या बोल्ड इटॅलिकची आडवी रेघ ४२ भागांची, म्हणजे बारा पॉइंटात अर्धा पॉइंट आणि सहा पॉइंटात पाव पॉइंट. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत पाव पॉइंट निघतो. काळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं ठेवली की शाई चारही बाजूंनी आत सरकते आणि हीच रेघ बुजते. बातमीपत्राच्या कागदावर उलट्या छपाईत दहा पॉइंटच्या खाली जाऊ नका. बोदोनी वळणाचा असेल तर चौदाच्याही खाली नको. लग्नपत्रिकेवर सोनेरी फॉइल मारायची असेल तर बारीक रेघा एकतर उठत नाहीत किंवा शेजारच्या दांड्याला मिळतात, तिथे कमी विरोधाचा, सेंच्युरी स्कूलबुकच्या जातीचा टाइप घ्या. व्हिनाइल कापून पाटी करायची असेल तर मिलिमीटरहून बारीक भाग सोलताना उचलून येतो.

मजकुरातला बोल्ड इटॅलिक फक्त काळ्या शाईत ठेवा. वर्डमधून किंवा पडद्याच्या तीन रंगांच्या (आरजीबी) फाइलमधून आलेला काळा बदलताना चार शाईंचा होतो. चारपैकी एक प्लेट केसभर सरकली तरी तिरप्या दांड्याच्या कडेला रंगीत सावली दिसते. ॲक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये काळी प्लेट बंद करून बघा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर ठीक, पुसट दिसत राहिला तर फाइल परत पाठवा.